स्मृतीतील मोटार आणि बोलीतील मोटार : कोल्हापूर परिसराच्या वाहतूक-इतिहासाचे एक साधन

१. प्रास्ताविक

मोटारीच्या जुन्या दिवसांविषयी बोलू लागले की वयस्क माणसे रमतात. हॅण्डल मारून सुरू होणारे इंजिन, खंबाटकीच्या चढावर उकळणारे रेडिएटरचे पाणी, टपावर दोरीने आवळलेल्या वळकट्या व ट्रंका, पुणे गाठता गाठता मोडणारा अख्खा दिवस, या गोष्टींची उजळणी कोल्हापुरातील अनेक घरांत आजही होत असते. अशा आठवणींना इतिहासाचे साधन मानावे की नाही, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता आढळत नाही. काहींना त्या केवळ स्मरणरंजन वाटतात. काहींना लिखित दप्तरात न सापडणारा मजकूर त्यांत सापडतो.

दोन्ही मतांत तथ्य आहे. आठवण खोटी नसते, परंतु ती एका बाजूने कललेली असते. मोटारीच्या बाबतीत तर हा कल फारच स्पष्ट दिसतो. आठवणी सांगणारा बहुधा मोटारीत बसलेला असतो, मोटारीखाली निजून नट आवळणारा नसतो. गाडीचा रंग, तिचा भोंगा, तिच्या गाद्यांचा वास यांचे वर्णन तपशिलाने येते. हॅण्डल कोणी मारले, पाणी कोणी आणले, रात्री गाडी कोणी राखली, याचा उल्लेख ‘ड्रायव्हरने’ किंवा ‘पोऱ्याने’ एवढ्यावर संपतो. अशा वेळी आठवणींना पूरक आणि काही ठिकाणी त्यांना छेद देणारे दुसरे साधन लागते. ते साधन बोलीत आहे. मोटारीबरोबर आलेले शब्द ज्या तोंडांतून रुळले ती तोंडे प्रामुख्याने हाकणाऱ्यांची व दुरुस्त करणाऱ्यांची होती; म्हणून त्या शब्दांच्या घडणीत त्यांचा इतिहास टिकून राहिला आहे. कोल्हापूर परिसरापुरता या साधनाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मोटारीपूर्वीचा रस्ता

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयक चोविसावा खंड १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी कोल्हापुरास रेल्वे आलेली नव्हती. मिरजेहून येणारा फाटा १८९१ मध्ये सुरू झाला. पुण्याहून बेळगावकडे जाणारा मोठा रस्ता, आणि कोकणात उतरण्यासाठी आंबा, फोंडा, गगनबावडा या बाजूंचे घाट, ही या प्रदेशाच्या दळणवळणाची चौकट होती. पंचगंगेवरचा, आज शिवाजी पूल म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधला गेला आणि रत्नागिरीच्या वाटेवरील नदीचा अडसर दूर झाला. पुढे मोटारी ज्या रस्त्यांवरून धावल्या ते रस्ते अशा रीतीने बैलगाडीसाठी सिद्ध झालेले होते. घाटांतील वळणे बैलाच्या चालीस बेतलेली होती, आणि मोटारीच्या पहिल्या पिढीस त्या वळणांशी जुळवून घ्यावे लागले.

या काळातील वाहनांचे शब्द नीट पाहणे आवश्यक आहे, कारण मोटारीच्या शब्दांचा पाया त्यांनी घातला. ‘गाडी’ व ‘गाडा’ या जोडीत मराठीची नेहमीची व्यवस्था दिसते : लहान ते स्त्रीलिंगी, मोठे व ओझ्याचे ते पुल्लिंगी. ‘खटारा’ हा शब्द मोल्सवर्थच्या काळात मालवाहू गाडीचा वाचक होता; आज तो मोडकळीस आलेल्या कोणत्याही वाहनास उपहासाने लावला जातो. शाहू महाराजांच्या आठवणींत ज्याचा उल्लेख वारंवार येतो तो ‘खडखडा’ म्हणजे घोड्यांना जुंपण्याची सवय लावण्यासाठी वापरावयाची गाडी. तिचे नाव तिच्या आवाजावरून पडले. पुढे मोटारसायकलीस ‘फटफटी’ हे नाव याच न्यायाने मिळाले. नवे यंत्र समोर आले असता त्याचा आवाज ऐकून नाव ठेवण्याची ही रीत जुनी आहे.

वाहन हाकणे ही केवळ तांत्रिक गोष्ट नव्हती, हेही येथेच नमूद केले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात १९०१ मधील मसूर स्थानकावरील प्रसंग सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेल्या अस्पृश्य मुलांना घेऊन जाण्यास कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन गाडी मिळाली ती अशा अटीवर, की मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालत यावे. त्याच लेखनात चाळीसगावचा १९२९ मधील प्रसंग आहे. तेथे टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला, तेव्हा सवय नसलेल्या माणसाने तो हाकला, आणि अपघात झाला. मसूर हे कोल्हापूरपासून फार दूर नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्यांना माहूत व कोचवान म्हणून नेमले, त्या नेमणुकांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. कोणी हाकावे आणि कोणाशेजारी बसावे, हा प्रश्न मोटार येण्यापूर्वीच रस्त्यावर उभा होता. जुन्या वाहनांच्या रम्य आठवणींत तो क्वचितच डोकावतो.

३. संस्थानी मोटार

मुंबईत मोटार अवतरली ती १८९८ च्या सुमारास. पुढील दोन दशकांत संस्थानिकांच्या वाड्यांत मोटारखाने उभे राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारवाहनांचा पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ मध्ये झाला, आणि मोटार हाकण्यास परवाना लागतो ही कल्पना रूढ झाली. बैलगाडी हाकण्यास कोणाचा कागद लागत नसे. ‘लायसन’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला तो मुख्यतः ड्रायव्हरच्या खिशातून.

कोल्हापूरच्या संस्थानी मोटारींपैकी लोकांच्या नजरेत भरलेली मोटार म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांच्या (राज्यकाल १९२२ ते १९४०) काळातील मेबॅक. मेबॅक ही जर्मनीतील फ्रीडरिक्सहाफेन येथील संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली ती झेपेलिन विमाननौकांची इंजिने बनविण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमाननिर्मितीची बंधने आली, तेव्हा ती मोटारींकडे वळली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिने सुमारे १,८०० मोटारी बनविल्या. इतक्या अल्प संख्येतील एक मोटार पंचगंगेच्या काठी यावी, ही घटना संस्थानी अभिरुचीचा व त्या काळच्या जागतिक व्यापाराचा एक नमुना म्हणून उल्लेखनीय आहे.

या मोटारीचे खरे ऐतिहासिक स्थान मात्र तिच्या यंत्रापेक्षा तिच्या उपयोगात आहे. दसरा चौकातील सीमोल्लंघनाच्या सोहळ्यास छत्रपती घराण्यातील मंडळी या मोटारीतून येतात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर संस्थानी सत्तेची बहुतेक चिन्हे दप्तरात किंवा संग्रहालयात गेली. मेबॅक मात्र वर्षातून एकदा रस्त्यावर येत राहिली. जी वस्तू १९३० नंतरच्या दशकात आधुनिकतेची निशाणी होती, तीच पुढील पिढ्यांना परंपरेची निशाणी वाटू लागली. स्मृती वस्तूचा अर्थ कसा पालटते याचे इतके ठळक उदाहरण सहसा सापडत नाही. दसऱ्याच्या गर्दीत उभे राहून ही मोटार पाहिल्याची आठवण शहरातील असंख्य माणसे सांगतात. तीत बसण्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत कधी उद्भवला नाही. पाहिलेल्या मोटारीची आठवण आणि वापरलेल्या मोटारीची आठवण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करता कामा नये.

४. सर्व्हिस मोटार ते यष्टी

बहुसंख्य लोकांचा मोटारीशी पहिला संबंध आला तो भाड्याच्या मोटारीतून. तिला लोक ‘सर्व्हिस मोटार’ किंवा नुसते ‘सर्व्हिस’ म्हणत. ही वाहतूक खाजगी मालकांची होती. गाडी भरल्याखेरीज सुटत नसे. भाडे व वेळ यांत मालकाची मर्जी चाले. १९३९ च्या मोटारवाहन कायद्याने परवान्यांची व प्रादेशिक अधिकाऱ्यांची व्यवस्था घालून दिली, परंतु त्याच वर्षी युद्ध सुरू झाले आणि पेट्रोलची टंचाई निर्माण झाली.

युद्धकाळातील ‘कोळशाच्या मोटारी’ हा आठवणींचा एक स्वतंत्र विभाग आहे. गाडीच्या मागे किंवा बाजूस भट्टी बसवीत. लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळून तयार होणारा वायू गाळून इंजिनास पुरवीत. या वायूवर इंजिनास पेट्रोलइतका जोर येत नसे, म्हणून चढावर गाडी रेंगाळे. पहाटे भट्टी पेटवून तिला वारा घालणे, राख काढणे, गाळण्या साफ करणे ही कामे गाडी सुटण्यापूर्वी उरकावी लागत. प्रवाशास आठवतो तो काळा धूर व चढावर उतरून चालणे. भट्टीपाशी दोन तास आधी उठून बसलेला माणूस त्याला दिसलेला नसतो. येथे एक भाषिक योगायोग लक्षणीय आहे. श्रीमंतांच्या तोंडी असलेला ‘शोफर’ हा फ्रेंच शब्द मुळात भट्टी पेटविणाऱ्याचा वाचक होता. युद्धाने त्या शब्दास काही काळ त्याचा मूळ अर्थ परत दिला, तो वाड्यातल्या शोफरच्या ठिकाणी नसून सर्व्हिस मोटारीच्या पोऱ्याच्या ठिकाणी.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या निकाली मालातील जीप व ट्रक नागरी बाजारात आले. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली; १९५० च्या कायद्यानंतर या वाहतुकीस महामंडळाचे स्वरूप आले. विलीनीकरणामुळे कोल्हापूरचा प्रदेश तिच्या कक्षेत आला. ठरलेली वेळ, छापील तिकीट व ठरलेले भाडे या तीन गोष्टी तिने आणल्या. तिकीट घेणाऱ्यास जागा मिळते आणि शेजारी कोण बसणार हे तिकिटावर लिहिलेले नसते, ही साधी वाटणारी व्यवस्था मसूरच्या प्रसंगाशी ताडून पाहिली म्हणजे तिचे मोल कळते. गावोगावच्या मनातील भेद तिकिटाने नाहीसे झाले असे म्हणता येणार नाही. परंतु ‘तुला नेणार नाही’ असे म्हणण्याचा गाडीवानाचा अधिकार तिने काढून घेतला, एवढे खचित म्हणता येईल.

५. शब्दांची साक्ष

(अ) मोटार व कार. मराठीत ‘मोटार’ व ‘कार’ हे दोन्ही शब्द इंग्रजीतून आले, परंतु त्यांचे वर्तन सारखे नाही. ‘मोटार’ला सामान्यरूप होते : मोटारीत, मोटारीचा, मोटारींना, अनेकवचन ‘मोटारी’. ‘भिंत’, ‘विहीर’ यांसारख्या देशी शब्दांच्या पंगतीत तो शब्द जाऊन बसला. ‘कार’ मात्र तसाच राहतो : कारमध्ये, कारचा. ‘कारीत’ असे कोणी म्हणत नाही. या भेदाचे कारण शब्दांच्या ध्वनिरूपात नाही, कारण दोन्ही शब्द रकारान्त आहेत. ते त्यांच्या आगमनाच्या काळात व मार्गात शोधावे लागते. ‘मोटार’ कानाने आली. ती अशा लोकांच्या तोंडी रुळली, ज्यांना तिचे मूळ इंग्रजी रूप सांभाळण्याचे कारण नव्हते. ‘कार’चा प्रसार पुढे शाळा, वर्तमानपत्र व जाहिरात यांच्याद्वारा झाला, तेथे मूळ शब्द डोळ्यांसमोर असतो आणि त्यास विकार करण्यास जीभ कचरते. एका शब्दाला प्रत्यय कसा लागतो एवढ्यावरून तो कोणत्या वर्गाने आत आणला, याचे अनुमान करता येते.

(आ) लिंगव्यवस्था. बस, जीप, मोटार, कार, टॅक्सी, रिक्षा ही माणसे नेणारी वाहने स्त्रीलिंगी आहेत. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, डंपर ही ओझ्याची वाहने पुल्लिंगी. ‘लॉरी’सारखा शब्द ईकारान्त असल्यामुळे, आणि ‘टांगा’ आकारान्त असल्यामुळे, या विभागणीस अपवाद ठरतात. परंतु जेथे शब्दाचा शेवट लिंग ठरवीत नाही तेथे जुन्या गाडी-गाडा या जोडीचीच विभागणी बहुधा नव्या यंत्रांना लागू झालेली दिसते. यंत्र परके, वर्गीकरण घरचे.

(इ) यष्टी व किन्नर. ‘एस. टी.’ या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘यष्टी’ झाले. आरंभीच्या एकारास यकाराचा स्पर्श होणे ही या परिसरातील बोलीची प्रवृत्ती आहे. ‘एक’चे ‘येक’ होते, ‘एवढा’चे ‘येवढा’ होते. पुढे मूर्धन्य टकारापूर्वीचा सकार मूर्धन्य झाला. संस्कृतातील काठी या अर्थाच्या ‘यष्टि’ शब्दाशी त्याचा संबंध नाही. ‘क्लीनर’चे ‘किन्नर’ झाले त्यातही जोडाक्षर फोडणे व लकाराचा नकारात लोप होणे या नियमित क्रिया आहेत. देवलोकातील गायकांचे नाव ट्रकच्या पोऱ्यास मिळाले हा केवळ ध्वनींचा खेळ होय. तथापि या शब्दाला सामाजिक अर्थ आहे. किन्नर म्हणजे नुसता गाडी धुणारा नव्हे. चाकाला दगडाची उटी लावणारा, मागे घेताना हाताने गाडी ठोकून इशारा देणारा, रात्री मालावर झोपणारा, आणि कधीतरी ड्रायव्हर होण्याच्या आशेवर तुटपुंज्या मजुरीत राबणारा उमेदवार म्हणजे किन्नर. शाळेत न शिकविला जाणारा एक व्यवसाय ज्या पद्धतीने पिढीकडून पिढीकडे गेला, तिचे नाव या शब्दात आहे.

(ई) स्टेपनी व डिकी. जगाच्या एका टोकास विसरलेले शब्द दुसऱ्या टोकास कसे जिवंत राहतात, याचे ‘स्टेपनी’ हे सुरेख उदाहरण आहे. वेल्समधील लॅनेली या गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. त्यांनी १९०४ मध्ये आऱ्यांवाचूनची, टायर चढविलेली एक धाव तयार केली. चाकातील हवा गेली असता ती चाकाच्या बाजूस आवळून गाडी मुक्कामास नेता येई. पुढे काढघाल करता येणारी चाके आली, ते उपकरण मागे पडले, आणि इंग्लंडात शब्दही मावळला. भारतात मात्र जादा चाकास आजही ‘स्टेपनी’ म्हणतात. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतही त्याच शब्दाचे एक रूप नांदते आहे. ‘डिकी’चा इतिहास असाच आहे. घोड्याच्या गाडीची मागील बाजूची बैठक, नंतर जुन्या मोटारीची मागची उघडी बैठक, आणि अखेर सामान ठेवण्याचा बंद कप्पा, असा तिचा अर्थप्रवास झाला. मोटारीच्या आरंभकाळातील इंग्रजी शब्दसंग्रह जणू येथील मेस्त्र्यांनी जतन करून ठेवला.

(उ) पोर्तुगीज थर. ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला, ‘चावी’ही त्याच भाषेतून आली. सुतार, लोहार व गवंडी यांच्या व्यवहारात हे शब्द मोटारीच्या कितीतरी आधी रुळले होते. मोटार दुरुस्त करणाऱ्यास नवे नाव शोधावे लागले नाही. जुन्या कारागिराचे नाव त्यास मिळाले. मोटारदुरुस्ती ही परंपरागत कारागिरीचीच पुढील पायरी होती, असा निष्कर्ष या एका शब्दावरून काढला तर तो फारसा चुकणार नाही.

(ऊ) घडविलेले शब्द. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. परकीय शब्दांचा प्रश्न त्या पिढीला किती तीव्रतेने जाणवत होता हे त्यावरून दिसते. राज्य परिवहनाच्या कारभारात पुढे चालक, वाहक, आगार, थांबा, विनाथांबा, वाहतूक नियंत्रक असे शब्द योजण्यात आले. त्यांचे भवितव्य सारखे झाले नाही. ‘थांबा’ सर्वांच्या तोंडी बसला, कारण ‘थांबणे’ या रोजच्या क्रियापदाशी त्याचे नाते उघड होते. ‘आगार’ पाटीवर व कागदोपत्री राहिले, बोलण्यात ‘डेपो’ टिकला. ‘चालक’ व ‘वाहक’ गाडीतील सूचनांत वाचावयास मिळतात. हाक मारताना मात्र ‘ओ कंडक्टर’ किंवा ‘ड्रायव्हरसाहेब’ असेच म्हटले जाते. शब्द शुद्ध आहे की नाही यापेक्षा तो हाकेला उपयोगी पडतो की नाही, यावर त्याचे आयुष्य ठरले.

(ए) क्रियापदे. नामे परकी असली तरी क्रियापदे घरची राहिली. बैल हाकावेत तशी मोटार ‘हाकली’ गेली. कोल्हापुरी बोलीत ती ‘हाणली’ही जाते. हॅण्डल ‘मारतात’, सेल्फ ‘मारतात’, गिअर ‘टाकतात’, साइड ‘देतात’. ‘गाडी लागणे’ या प्रयोगाचे दोन अर्थ तर परक्यास चकवणारे आहेत : फलाटावर गाडी लागते ती सर्वांसाठी, घाटात एखाद्याला गाडी लागते ती त्याच्या पोटाला. हे सर्व प्रयोग अंगमेहनतीच्या क्रियांवरून आलेले आहेत. मोटार ही हाताने, खांद्याने व पायाने वागवावयाची वस्तू होती, हे या क्रियापदांइतके स्पष्टपणे कोणत्याही आठवणीत सांगितलेले आढळत नाही. हॅण्डलचा उलटा झटका बसून मनगट मोडणे ही तर इतकी नेहमीची दुखापत होती की वैद्यकात तिला शोफरचा अस्थिभंग असे नाव पडले. विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत प्रथम आला. जुन्या गाड्या वापरात होत्या तोवर मनगटाची जोखीम मात्र चालूच राहिली.

६. मेस्त्री व उद्यमनगर

जुनी मोटार टिकली ती तिच्या कारखानदारामुळे कमी आणि तिच्या मेस्त्रीमुळे अधिक. सुटा भाग परदेशातून यावयास महिने लागत. तो आला नाही तर येथेच ओतावा, कानसावा व बसवावा लागे. कोल्हापुरात या कौशल्यास पोषक भूमी होती. १९०६ मध्ये शाहू गिरणीची स्थापना झाली. यंत्रांची देखभाल करणारी माणसे शहरात हवी झाली. शेतीस पाणी उपसणारी ऑईल इंजिने, उसाचे चरक व गुऱ्हाळे यांनी ओतकामाची मागणी वाढविली. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला, ही घटना कलेच्या इतिहासात नोंदली जाते. यंत्रकौशल्याच्या इतिहासातही तिची तितकीच नोंद व्हावयास हवी. म्हादबा मेस्त्री यांचे नाव शहराच्या उद्योग-परंपरेत आजही आदराने घेतले जाते, आणि त्या नावाला जोडलेली ‘मेस्त्री’ ही पदवी कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती.

शिवाजी उद्यमनगर व पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती या परंपरेतून वाढल्या. मोटारींसाठी लागणारे ओतीव भाग हे आज कोल्हापूरच्या कारखानदारीचे एक प्रमुख अंग आहे. एके काळी आलेल्या परक्या मोटारीचा तुटलेला भाग घडविणारे शहर पुढे नव्या मोटारींचे भाग पुरविणारे शहर झाले. या दोन टप्प्यांना जोडणारा दुवा म्हणजे रस्त्याकडेच्या झाडाखाली चालणारी दुरुस्ती. तिचे दप्तर नाही, पावत्या नाहीत, छायाचित्रेही थोडीच. तिची साक्ष पुन्हा शब्दांतच पाहावी लागते.

७. घरची मोटार, टेम्पो व वडाप

ज्या काळाविषयी आज सर्वाधिक हळहळ ऐकू येते तो काळ फियाट व ॲम्बॅसडर यांचा. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ला येथे १९४७ पासून मोटारी बाहेर काढण्यास आरंभ केला. फियाट अकराशे १९५४ मध्ये आली, आणि १९७४ पासून तीच परंपरा ‘पद्मिनी’ या नावाने चालली. ॲम्बॅसडरचे उत्पादन १९५७ ते २०१४ असे प्रदीर्घ काळ चालले. १९५३ नंतर सरकारी धोरणामुळे केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या, आयात जवळजवळ थांबली, आणि मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. एकच मोटार वीस-पंचवीस वर्षे एका घरात राहणे, तिला नाव असणे, दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालून तिच्या चाकाखाली लिंबू ठेवणे, या जिव्हाळ्याच्या आठवणी ज्या दीर्घ सहवासातून आल्या तो सहवास बऱ्याच अंशी टंचाईने घडविलेला होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि हळूहळू मोटार ही बदलता येणारी वस्तू झाली. जुन्या मोटारीविषयीची ओढ खरी आहे. तिच्यामागील आर्थिक कारण त्या ओढीत सांगितले जात नाही, एवढेच.

याच काळात सामान्य माणसाचे जग दुसऱ्या वाहनांनी बदलले. फिरोदिया यांच्या बजाज टेम्पो या संस्थेने १९५८ नंतर जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू गाडी काढली, आणि एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. भाजी, गुळाच्या ढेपा, लग्नाचे वऱ्हाड, गणपतीची मूर्ती, सर्व काही टेम्पोतून गेले. जेथे यष्टी पुरेशी पोहोचली नाही तेथे ‘वडाप’ पोहोचले. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात जीप वा तत्सम गाडीतून माणसे भरून नेण्याच्या खाजगी वाहतुकीस हे नाव आहे. सरकारी पदनामकोशाने दिलेला हा शब्द नाही, आणि इंग्रजीतूनही तो आलेला नाही. लोकांना गरज पडली व त्यांनी शब्द चालविला. भरल्याखेरीज न सुटणारी सर्व्हिस मोटार जवळजवळ अर्ध्या शतकानंतर वडापाच्या रूपाने परत आली असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती नाही. मोटारीच्या स्मरणरंजनात फियाटला जेवढी जागा मिळते तिच्या दशांशही वडापास मिळत नाही. बाजाराला, दवाखान्याला व परीक्षेला माणसे नेली ती मात्र त्याने.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मोटारीविषयीच्या आठवणी हे इतिहासाचे ग्राह्य साधन आहे, परंतु सांगणारा गाडीत कोठे बसला होता हे विचारल्याखेरीज ते वापरू नये. दुसरी, या परिसरात मोटारीचे मराठीकरण प्रथम मेस्त्री, ड्रायव्हर व किन्नर यांनी केले. लेखक, कोशकार व शासन त्यांच्या मागून आले. ‘मोटारीत’ या साध्या रूपातील ईकार हा त्यांच्या कर्तृत्वाचा लहानसा परंतु निर्विवाद पुरावा आहे. तिसरी, हा पुरावा नाशवंत आहे. हॅण्डल गेले तेव्हा ‘हॅण्डल मारणे’ हा प्रयोग निराधार झाला. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत क्लच नाही, गिअर टाकणे नाही, कार्बोरेटर नाही. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनीही दिली जात नाही. वेल्समधून निघून येथे शंभर वर्षे जगलेला तो शब्द येथेही वस्तूविना किती काळ जगेल हे सांगणे कठीण नाही.

म्हणून या शब्दसंग्रहाचे संकलन हे आता तातडीचे काम होय. ते केवळ यादी करून होणार नाही. उद्यमनगरातील व महामार्गावरील गॅरेजांत, आगारांतील निवृत्त चालक-यांत्रिकांकडे, गूळबाजारातील ट्रकचालकांकडे जाऊन शब्द त्याच्या वाक्यासह, उच्चारासह आणि ज्या कामात तो वापरला जातो त्या कामाच्या वर्णनासह टिपला पाहिजे. सांगणाऱ्याचे गाव, त्याचा पूर्वीचा व्यवसाय आणि तो कोणाच्या हाताखाली शिकला, याची नोंद शब्दाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. मेबॅकची निगा राखणारे लोक आहेत, व पुढेही राहतील. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या मोटारी चालत्या ठेवल्या त्यांच्या भाषेची निगा राखण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतले, तर या प्रदेशाच्या इतिहासातील एक मोकळे राहिलेले पान वेळीच भरले जाईल.